कॉम्प्युटरवरचा मॉड कन्सोलवर चालत नाही? काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

लक्षणं

मॉड म्हणजे गेममध्ये बदल करणारी किंवा नवं काही घालणारी, बहुधा खेळणाऱ्यांनीच बनवलेली जोड. खालीलपैकी एखादं तरी लक्षण तुमच्याकडे दिसत असेल, तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे.

• व्हिडिओत पाहिलेला मॉड तुमच्या कन्सोलवरच्या यादीत सापडतच नाही.
• कॉम्प्युटरवर उतरवलेली मॉडची फाइल पेनड्राइव्हवरून कन्सोलला लावली, पण कन्सोल तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही.
• मॉड उतरला, चालू असल्याची खूणही दिसते, पण गेममध्ये काहीच बदललेलं नाही.
• डाउनलोड अर्ध्यावर अडकतं. किंवा सगळे मॉड काढून टाकले तरी जागा भरलेलीच दिसते.
• मुख्य मेनू येण्याआधीच गेम बंद पडतो. पीएस४वर (प्लेस्टेशन ४) सीई-३४८७८-० आणि पीएस५वर सीई-१०८२५५-१ हे आकडे दिसतात.
• लोडिंगचं चित्र गोल गोल फिरत राहतं, गेम काही उघडत नाही.
• जुनी सेव्ह (आधी जिथवर खेळलो त्याची साठवलेली नोंद) उघडताना, तिला लागणारी काही सामग्री आता नाही, अशा अर्थाचा इशारा येतो.

नात्यात आणि आमच्या सोसायटीत कोणाचा कन्सोल अडला की फोन मला येतो. बाकी बिघाड येतात-जातात, पण ही तक्रार मी इतक्या वेळा सोडवली आहे की आता समोरच्याला काय काय विचारायचं याचा क्रम पाठ झाला आहे. तोच क्रम इथे देतोय. उदाहरणं मुख्यतः स्कायरिम आणि फॉलआउट ४ची आहेत, कारण कन्सोलवर मॉडची सोय पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर या दोन गेमना मिळाली आणि मदत मागणारेही बहुतेक यांचेच असतात.

एक विनंती. क्रम मोडू नका. लोक घाबरून थेट गेम पुन्हा इन्स्टॉल करायला घेतात. ५० जीबी पुन्हा उतरवण्यात दिवस जातो आणि खरं कारण दोन मिनिटांत कळण्यासारखं असतं.

पहिली तपासणी: हा मॉड कन्सोलवर चालणं शक्य तरी आहे का?

पैसा लागत नाही, वेळही लागत नाही. गेमच्या मुख्य मेनूत जा आणि मॉड किंवा क्रिएशन्स नावाचा पर्याय आहे का ते बघा. नसेल तर तुमच्या कन्सोलवर त्या गेमला मॉड नाहीत. कोणताही पेनड्राइव्ह, कोणतंही झिप, कोणतीही युक्ती ते बदलणार नाही.

असं का, हे समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं होतं. अनेकांना वाटतं की कन्सोलचा प्रोसेसरच वेगळा असल्यामुळे मॉड चालत नाहीत. पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६०च्या काळात ते बऱ्याच अंशी खरं होतं. पण २०१३ साली आलेल्या पीएस४ आणि एक्सबॉक्स वनमध्ये एएमडीचा, आपल्या घरच्या कॉम्प्युटरच्याच एक्स८६ घराण्यातला प्रोसेसर आहे. अडचण कुलपाची आहे. कॉम्प्युटरवर गेमचं फोल्डर उघडून तुम्ही त्यात फाइल टाकू शकता. कन्सोलवर गेम कूटबद्ध होऊन, सही-शिक्क्यानिशी बंद पेटीत येतो. ती पेटी तुम्हाला उघडता येत नाही आणि सही नसलेला प्रोग्रॅम कन्सोल चालवत नाही. त्यामुळे गेम बनवणाऱ्यांनी स्वतः गेमच्या आत एखादी खिडकी ठेवली असेल, तर त्या खिडकीतून जेवढं आत येईल तेवढेच मॉड तुमचे.

फॉलआउट ४ची ही खिडकी एक्सबॉक्स वनवर मे २०१६च्या शेवटी उघडली. प्लेस्टेशनवर मात्र हे दोन्ही गेम काढणारी बेथेस्डा आणि प्लेस्टेशनवाली सोनी यांचं बरेच महिने अडलं. सप्टेंबर २०१६मध्ये तर सोनी परवानगी देत नाही, असं बेथेस्डाने जाहीरच केलं होतं. पुढच्या महिन्यात तोडगा निघाला आणि २८ ऑक्टोबर २०१६ला आलेल्या स्कायरिम स्पेशल एडिशनमध्ये पीएस४ला मॉड मिळाले, पण एका मोठ्या अटीवर. त्या अटीकडे लगेच येतो.

सेकंडहँड डिस्क घेणाऱ्यांनी इथे आवृत्ती बघावी. २०११चं मूळ स्कायरिम पीएस३ आणि एक्सबॉक्स ३६०वर होतं, त्याला मॉडची सोय नव्हती. डिस्कच्या डबीवर स्पेशल एडिशन किंवा ॲनिव्हर्सरी एडिशन असं लिहिलेलं हवं. निन्टेन्डो स्विचवर स्कायरिम २०१७मध्ये आलं, पण त्यात मोफत मॉडची यादी नाही.

बाकी गेमचं थोडक्यात सांगतो. जीटीए ५चे मॉड कॉम्प्युटरपुरतेच आहेत, कन्सोलवर विषय संपला. फार्मिंग सिम्युलेटरमध्ये गेमच्याच मॉडहबमधून ट्रॅक्टर, अवजारं, नकाशे कन्सोलवर मिळतात, पण ज्या मॉडमध्ये स्वतंत्र स्क्रिप्ट, म्हणजे गेमला नवं काम करायला लावणारा छोटा प्रोग्रॅम, असते ते कॉम्प्युटरवरच राहतात. बाल्डर्स गेट ३ला २०२४मध्ये गेमच्या आतलाच मॉड मॅनेजर मिळाला आणि त्यातले निवडक मॉड कन्सोलवरही येतात. विचर ३ची गोष्ट निराळी आहे. डिसेंबर २०२२च्या मोठ्या अपडेटमध्ये कॉम्प्युटरवरचे काही गाजलेले मॉड कंपनीनेच गेममध्ये घातले, म्हणजे कन्सोलवाल्यांना ते अपडेटमधूनच मिळाले.

माइनक्राफ्टबद्दल मुलांचे आईवडील सगळ्यात जास्त विचारतात, म्हणून दोन वाक्यं जास्त. कॉम्प्युटरवर गाजलेले बहुतेक मॉड जावा एडिशनचे असतात, आणि कन्सोलवर असतं ते बेडरॉक एडिशन. दोन्हींचं नाव एक असलं तरी आतला प्रोग्रॅम वेगळ्या भाषेत लिहिलेला आहे, म्हणून जावाची फाइल बेडरॉकमध्ये चालत नाही. कन्सोलवर मार्केटप्लेस या माइनक्राफ्टच्याच दुकानातून घेतलेली ॲड-ऑन, म्हणजे गेमला जोडायची जादा सामग्री, चालतात. मोबाइलवर किंवा विंडोजवरच्या बेडरॉकमध्ये ॲड-ऑन घातलेलं जग रेल्मवर, म्हणजे माइनक्राफ्टच्या भाड्याच्या ऑनलाइन जागेवर, चढवलं, तर कन्सोलवरून त्या रेल्ममध्ये शिरता येतं. रेल्मला दरमहा पैसे पडतात, ते धरून ठरवा.

दुसरी तपासणी: मॉड तोच आहे का, की फक्त नाव तेच आहे?

मेनूत पर्याय आहे, पण हवा तो मॉड यादीत नाही. किंवा आहे, पण व्हिडिओत दिसलं तसं काही होत नाही. आता मॉडच्या कॉम्प्युटरवरच्या पानावर जाऊन त्याला आणखी काय लागतं ते वाचा. तिथे स्क्रिप्ट एक्स्टेंडर किंवा एसकेएसई असा शब्द दिसला की समजा, तो मॉड कन्सोलवर येणार नाही. स्कायरिमचा मेनू सुधारणारा स्काययूआय हे याचं नेहमीचं उदाहरण. एसकेएसई हा गेम सुरू असताना त्याच्या पोटात स्वतःचा प्रोग्रॅम घुसवतो. कन्सोलचं कुलूप नेमकं हेच रोखण्यासाठी आहे. प्रकाश आणि रंग बदलणाऱ्या ईएनबीचंही तसंच. व्हिडिओत दिसणारं ते झगझगीत स्कायरिम बहुतेक वेळा ईएनबीचं असतं आणि कन्सोलवर हवामान किंवा प्रकाशाचा मॉड टाकून त्याच्या जवळपासच जाता येतं. मुलांना हे आधीच स्पष्ट सांगा. नसलेली गोष्ट शोधण्यात त्यांची अख्खी सुट्टी जाते.

आता प्लेस्टेशनची ती अट. प्लेस्टेशनवरच्या मोफत मॉडना बाहेरची सामग्री आणता येत नाही. म्हणजे नवं चित्र, नवं मॉडेल, नवा आवाज, काही नाही. गेममध्ये जे आधीच आहे तेच उचलून दुसरीकडे ठेवायचं, त्याचे आकडे बदलायचे, इतकीच मुभा. त्यामुळे नव्या घराचा मॉड मिळेल, पण त्यातली प्रत्येक खुर्ची स्कायरिममधलीच असेल. नवं चिलखत, नवा चेहरा, नवी केशरचना यांच्या मागे प्लेस्टेशनवर लागू नका. एक्सबॉक्सवर ही अट नाही. एकच गेम असलेल्या दोन मित्रांपैकी एकाकडे शेकडो नवी चिलखतं आणि दुसऱ्याकडे एकही नाही, याचं कारण एवढंच.

आणखी एक. कॉम्प्युटर, एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशन यांच्यासाठी मॉड वेगवेगळा चढवावा लागतो. मूळ लेखकाने ते केलं नसेल तर कधी दुसरं कोणी त्याच्या परवानगीने करतं, आणि तेव्हा नाव किंवा आवृत्ती जुनी राहते. यादीतल्या मॉडचं वर्णन पूर्ण वाचा. काय काढून टाकलं आहे ते तिथे बहुधा लिहिलेलं असतं.

तिसरी तपासणी: पाच मिनिटांची कामं

कन्सोल पूर्ण बंद करून चालू करा. झोपवू नका, बंद करा. एक्सबॉक्सचं पुढचं बटण १० सेकंद दाबून धरायचं, मग वायर काढून एखादं मिनिट थांबायचं. प्लेस्टेशनला रेस्ट मोडमधून बाहेर काढून मेनूतून बंद करायचं. गेम अर्धवट झोपेत असेल तर मॉडच्या सर्व्हरशी त्याचं बोलणं तुटलेलं असतं आणि यादी रिकामी दिसते.

खातं बघा. या गेमना बेथेस्डाचं खातं कन्सोलच्या खात्याशी जोडलेलं लागतं. आलेल्या ईमेलमधल्या दुव्यावर क्लिक करून खातं पक्कं करायचं राहिलं असेल तर लॉगिन होतं, पण पुढे गाडी अडते. घरात दोन भावंडांची दोन प्रोफाइल असतील तर मॉड कोणत्या प्रोफाइलवरून उतरवले होते हेही बघा.

गेमचं अपडेट बघा. डिसेंबर २०२३मध्ये स्कायरिमची जुनी मॉड यादी जाऊन क्रिएशन्स नावाची नवी यादी आली. एप्रिल २०२४मध्ये फॉलआउट ४लाही मोठं अपडेट आलं. कन्सोल इंटरनेटला न जोडता ठेवलेला असेल, तर गेम जुना आणि मॉड नव्या आवृत्तीसाठी बनवलेला, असा घोळ होतो.

आणि ॲड-ऑन, म्हणजे इथे गेम कंपनीनेच नंतर काढलेले जादा भाग. फॉलआउट ४ला सहा अधिकृत जोड आहेत: ऑटोमॅट्रॉन, वेस्टलँड वर्कशॉप, फार हार्बर, कॉन्ट्रॅप्शन्स वर्कशॉप, व्हॉल्ट-टेक वर्कशॉप आणि नुका-वर्ल्ड. बरेच मॉड यातल्या एका-दोनांवर उभे असतात. गेमच्या चुका सुधारणाऱ्या अनऑफिशियल पॅचला तर सहाही लागतात. एक जरी नसली की मेनूवरच गेम कोसळतो. स्कायरिममध्ये नोव्हेंबर २०२१पासून फिशिंग, सर्व्हायव्हल मोड, सेंट्स अँड सेड्यूसर्स आणि रेअर क्युरिओज या चार गोष्टी मोफत मिळतात. त्या उतरवलेल्या नसल्या तरी असाच प्रकार होतो.

आपल्याकडे प्लेस्टेशनची आणखी एक भानगड असते. आखातातून मामाने आणलेली किंवा अमेरिकेतून दादाने पाठवलेली डिस्क एका विभागाची, आणि आपलं खातं भारताचं. गेम चालतो, म्हणून शंकाच येत नाही. पण भारतीय स्टोअरमधून घेतलेली ॲड-ऑन त्या डिस्कशी जुळत नाही. पैसे गेलेले, ॲड-ऑन उतरलेली, आणि गेम म्हणतो नाहीच. मग तिच्यावर उभे असलेले मॉडही पडतात. ॲड-ऑन विकत घेण्याआधी डबीवरचा विभाग बघा.

चौथी तपासणी: जागा आणि भुताटकीची जागा

कन्सोलच्या डिस्कवर कितीही जागा असली तरी मॉडसाठी गेम वेगळा कप्पा राखतो. मॉड सुरू झाले तेव्हा स्कायरिमला एक्सबॉक्सवर ५ जीबी आणि पीएस४वर १ जीबी, तर फॉलआउट ४ला एक्सबॉक्सवर २ जीबी आणि पीएस४वर ९०० एमबी असे कप्पे ठरले. तुमच्याकडे आज किती शिल्लक आहे ते मॉडच्या मेनूतच दिसतं, तो आकडा खरा धरा. बाहेरून दोन टीबीची हार्ड डिस्क विकत आणून हा कप्पा वाढत नाही. हा खर्च करून बसलेले लोक मला भेटले आहेत, म्हणून मुद्दाम लिहितोय.

आता एक्सबॉक्सवरची खास अडचण. डाउनलोड चालू असताना लाइट गेली किंवा वायफाय तुटलं की मॉडचा अर्धा तुकडा कप्प्यात पडून राहतो. यादीत तो दिसत नाही, म्हणून काढताही येत नाही, पण जागा अडवतो. खेळणाऱ्यांमध्ये याला भुताची जागा म्हणतात. आमच्याकडे उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसात, दिवसातून तीनदा लाइट जाते तेव्हा, ही तक्रार हमखास येते.

उपाय असा. गेम पूर्ण बंद करा. माझे गेम आणि ॲपच्या यादीत गेमवर जाऊन मॅनेज गेमचा पर्याय उघडा, त्यात सेव्ह्ड डेटा. तिथे दोन प्रकारच्या नोंदी दिसतील: तुमच्या प्रोफाइलच्या नावाची आणि रिझर्व्ह्ड स्पेस. फक्त रिझर्व्ह्ड स्पेस काढा. तुमच्या नावाच्या नोंदीला हात लावू नका, त्यात तुमचा सगळा खेळ आहे. रिझर्व्ह्ड स्पेस काढली की सगळेच मॉड जातात, म्हणून आधी मॉडच्या यादीचा, क्रमासकट, मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मग कन्सोल बंद-चालू करा, गेम उघडा, कप्पा रिकामा झालेला दिसेल.

नंतर मॉड एकेक करून उतरवा. वीस मॉड एकदम रांगेत लावून झोपायला जाऊ नका. शक्य असेल तर राउटर आणि कन्सोल दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या, किंवा मोठा मॉड पहाटे उतरवा.

स्कायरिममध्ये कन्सोलवर एका वेळी १५० मॉडची मर्यादा आहे, पण खरी मर्यादा त्याच्या खूप आधी येते. पीएस४ आणि एक्सबॉक्स वनमध्ये ८ जीबी मेमरी आहे आणि ती गेम, चित्रं, यंत्रणा या सगळ्यांची मिळून आहे. एक्सबॉक्स सिरीज एसमध्ये १० जीबी. गवत दाट करणारा, झाडं मोठी करणारा आणि भिंतींची चित्रं मोठ्या आकाराची करणारा, असे तीन मॉड एकत्र आले की शहराच्या दारातच गेम कोसळतो. यातला एक काढून बघा.

पाचवी तपासणी: लोड ऑर्डर

माझ्याकडे आलेल्या सगळ्यात किचकट तक्रारी इथे सुटल्या आहेत, म्हणून इथे निवांत बसा.

गेम मॉडची यादी वरून खाली वाचतो, त्या क्रमालाच लोड ऑर्डर म्हणतात. दोन मॉड एकाच गोष्टीला हात लावत असतील, तर यादीत खाली असलेल्याचं चालतं. समजा एक मॉड व्हाइटरन शहरात झाडं लावतो आणि दुसरा तिथे नवी घरं बांधतो. दोघांनाही एकमेकांची खबर नाही. मग घराच्या दारातच झाड उगवतं आणि खेळणारा म्हणतो, मॉड बिघडला. मॉड दोन्ही धड आहेत, त्यांच्यात समझोता करणारा तिसरा छोटा पॅच लागतो, आणि तो दोघांच्याही खाली ठेवावा लागतो.

मी वापरतो तो ढोबळ क्रम असा: सगळ्यात वर गेमच्या चुका सुधारणारा अनऑफिशियल पॅच. त्याखाली इतर मॉड ज्यांच्यावर उभे असतात असे पायाभूत मॉड. मग नवे प्रदेश आणि मोठ्या मोहिमा. मग खेळाचे नियम बदलणारे, जसं जादू, लढाई, कौशल्यं. मग शस्त्रं-चिलखतं, मग माणसांचे चेहरे, मग हवामान आणि प्रकाश, त्यानंतर शहरं आणि घरं. शेवटी समझोत्याचे पॅच आणि खेळाची सुरुवात बदलणारे मॉड. हा क्रम दगडावरची रेघ नाही. मॉडच्या लेखकाने वेगळी जागा सांगितली असेल तर त्याचं ऐका, कारण आत काय आहे ते त्याला माहीत आहे.

क्रम लावूनही कोसळतंय? मग घोडं कुठे पेंड खातंय ते शोधायची एकच खात्रीची पद्धत आहे: निम्मे बंद करा. ६४ मॉड असतील तर खालचे ३२ बंद करून नवा खेळ सुरू करा. चाललं, तर दोषी बंद केलेल्यांत आहे. नाही चाललं, तर चालू असलेल्यांत. त्या ३२चे पुन्हा १६ करा. सहा फेऱ्यांत एका मॉडपर्यंत पोचता. एकेक बंद करत बसलात तर ६४पर्यंत फेऱ्या होतील आणि मधेच कंटाळून गेम पुन्हा इन्स्टॉल कराल. एक काळजी घ्या: एखादा मूळ मॉड बंद केला तर त्याच्यावर अवलंबून असलेले मॉडही सोबत बंद करा, नाहीतर तेच कोसळण्याचं नवं कारण होतं आणि तपासच भरकटतो.

ही तपासणी नेहमी नव्या खेळात करा आणि त्या खेळात सेव्ह करू नका. आधी सेटिंगमध्ये जाऊन ऑटोसेव्हही बंद करा. स्कायरिमच्या सुरुवातीच्या बैलगाडीसारख्या त्या घोडागाडीच्या प्रवासात गाडी उलटीपालटी उडायला लागली, तर सुरुवातीलाच भाराभर मॉड कामाला लागल्याचं ते लक्षण आहे. अशा वेळी सुरुवातीचा भाग थोड्या मॉडवर पार करा आणि बाकीचे नंतर टाका.

सहावी तपासणी: सेव्ह

माझ्या भाच्याचा एके रात्री फोन आला. "मामा, माझं घरच गेलं." त्याने स्कायरिममध्ये घराचा एक मॉड टाकला होता. अनेक महिने गोळा केलेलं सगळं सामान त्या घरातल्या पेट्यांत होतं. नव्या मॉडला जागा हवी म्हणून त्याने तो घराचा मॉड काढला, नंतर परत टाकून घेऊ म्हणून. सेव्ह उघडताना इशारा आला, त्याने होय म्हटलं, थोडा खेळला, सेव्ह केलं. मग मॉड परत टाकला. घर आलं, पेट्या रिकाम्या. फोनवर त्याला शब्द सुचत नव्हते आणि मलाही.

झालं असं की सामान मॉडमध्ये नसतं, सेव्हमध्ये असतं. पण ते कुठे ठेवलं आहे, हे सेव्ह मॉडच्या नोंदीच्या आधाराने लक्षात ठेवते. तो आधार गायब असताना तुम्ही सेव्ह केलं की सेव्ह ती नोंदच टाकून देते. आम्ही वाचलो ते एका जुन्या सेव्हमुळे. मॉड काढण्याच्या आदल्या दिवसाची ती सेव्ह त्याने पुसली नव्हती.

म्हणून तो इशारा आला की होय म्हणू नका. मागे फिरा, कोणता मॉड गायब आहे ते बघा, तो परत टाका आणि मगच सेव्ह उघडा. मॉडच सर्व्हरवरून काढला गेला असेल, तर जुन्या सेव्हची प्रत ठेवून मगच पुढे जा. चालू खेळातून स्क्रिप्ट असलेले मॉड, म्हणजे नव्या मोहिमा, नवे सोबती, भूक-तहान मोजणारे वगैरे, काढूच नका. ते गेले तरी त्यांच्या स्क्रिप्टचे अवशेष सेव्हमध्ये राहतात. नुसतं चित्र किंवा रंग बदलणारा मॉड काढला तर सहसा काही बिघडत नाही.

प्रत ठेवायची सोय अशी: एक्सबॉक्सवर सेव्ह आपोआप, मोफत क्लाउडवर जाते. पण तिथे ताजीच राहते, म्हणून गेममध्येही दोन-तीन जुन्या सेव्ह ठेवा. पीएस४वर पेनड्राइव्हवर घेता येते. पीएस५वर पीएस५च्या गेमची सेव्ह पेनड्राइव्हवर जात नाही. तिथे क्लाउड लागतो आणि त्याला पीएस प्लसचं सदस्यत्व लागतं. मॉड चालू असताना ट्रॉफी आणि अचिव्हमेंट साधारणपणे बंद असतात, हेही लक्षात ठेवा. तो बिघाड नाही. त्या हव्या असतील तर मॉडशिवायचा खेळ वेगळा ठेवा.

सातवी तपासणी: कन्सोलची साफसफाई, मग पुन्हा इन्स्टॉल

मॉडशिवायही गेम कोसळत असेल तरच इथे या. प्लेस्टेशन पूर्ण बंद करा आणि दुसरी बीप येईपर्यंत, सुमारे सात सेकंद, बटण दाबून धरा. कंट्रोलर केबलने जोडा. सेफ मोडच्या यादीत पाचवा पर्याय डेटाबेस पुन्हा बांधण्याचा आहे. पीएस५मध्ये त्याच पर्यायात कॅशे साफ करण्याचीही सोय आहे. यात गेम किंवा सेव्ह जात नाहीत. फाइलींची सूची नव्याने लागते, एवढंच. त्याखालचे सहावा आणि सातवा हे पर्याय कन्सोल कोरा करतात. तिथे बोट घसरू देऊ नका. हे काम चालू असताना लाइट जाणार नाही याची खात्री करा.

तरीही नाही, तर गेम काढून पुन्हा टाका. आधी सेव्हची प्रत घ्या. डिस्कवरून टाकत असाल तर डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे पुसा, गोल फिरवत नको.

इथे थांबा

आता ज्या गोष्टी घरी करायच्या नाहीत त्या.

मॉडशिवाय, नव्याने टाकलेला गेमही कोसळतोय, आणि दुसरे गेमही अधूनमधून बंद पडतायत, तर दोष मॉडचा नाही. हार्ड डिस्कमधून टक टक आवाज येतो, कन्सोल खेळताना आपोआप बंद होतो, पंखा विमानासारखा घोंघावतो, जळका वास येतो, यातलं काहीही असलं तर प्लग काढा आणि अधिकृत सेवा केंद्रात न्या. वॉरंटी असताना स्क्रू उघडू नका. वीजपुरवठ्याच्या भागात वायर काढल्यावरही विजेचा साठा राहतो, घरचा स्क्रूड्रायव्हर तिथे घालायचा नाही.

खातं जोडलं जात नाही, पैसे गेले पण क्रिएशन दिसत नाही, खात्यावर कसली बंदी आली, ही कामं माझ्यासारख्याच्या आवाक्यातली नाहीत. ती गेम कंपनीच्या किंवा कन्सोल कंपनीच्या मदत केंद्राकडेच सुटतात. खरेदीची पावती आणि पडद्यावरच्या संदेशाचा फोटो सोबत द्या. तुमचा पासवर्ड मागून मॉड टाकून देतो म्हणणाऱ्या कोणालाही खातं देऊ नका.

आणि कन्सोलचं कुलूप फोडून देतो, मग कॉम्प्युटरचे सगळे मॉड चालतील, असं सांगणारं दुकान भेटलं तर तिथून निघा. एका ओळखीच्या घरी मी असा कन्सोल पाहिला आहे. मुलाने साठवलेले पैसे दिले होते. कन्सोल चालत होता, पण अपडेट केलं तर फोडलेलं जातं म्हणून तो कायमचा जुन्या आवृत्तीत अडकला होता, आणि ऑनलाइन गेला तर बंदीची टांगती तलवार. एसकेएसई त्यावरही चालणार नव्हता, कारण तो कॉम्प्युटरवरच्या गेमच्या नेमक्या आवृत्तीसाठी लिहिलेला असतो. कॉम्प्युटरवरसुद्धा गेमचं अपडेट आलं की तो नव्याने बनेपर्यंत थांबावं लागतं. एप्रिल २०२४च्या अपडेटनंतर फॉलआउट ४च्या एक्स्टेंडरवर चालणाऱ्या मॉडचं हेच झालं. स्क्रिप्ट एक्स्टेंडरचे मॉड मनापासून हवेच असतील, तर तो पैसा जुन्या कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स कार्डासाठी बाजूला ठेवा. स्कायरिमला फार मोठं यंत्र लागत नाही.

सातही तपासण्या करून एकच मॉड दोषी निघाला, तर त्याच्या लेखकाला लिहा. नम्रपणे लिहा, तो हे फुकट करतो. कोणता कन्सोल, गेमची कोणती आवृत्ती, पूर्ण लोड ऑर्डर, नव्या खेळातही होतं का, आणि नेमकं कोणत्या जागी उभं राहिल्यावर कोसळतं, या पाच गोष्टी पहिल्याच संदेशात द्या. बहुतेक लेखकांकडे सगळे कन्सोल नसतात. तुमच्या त्या पाच ओळींवरच त्यांना दुरुस्ती करायची असते.